माझी कार्बाइन मी विकणार नाही

किया ओरा, म्हणजे इथल्या भाषेत नमस्कार, मंडळी,

आज दसरा. पूजेआधी पामर्स्टन नॉर्थमधल्या बंदुकांच्या दुकानात जाऊन आले. माझ्या कार्बाइनची काडतुसं याही खेपेला आली नव्हती. दुकानदार म्हणाला, "ती विका आणि थ्री-ओ-एट रायफल घ्या. तिची काडतुसं कुठेही मिळतात." त्याने एक रायफल हातात दिली. छान होती, पण जड. मी बुटकी बाई. हरणामागे दिवसभर डोंगर चढायचा तर मला माझी आखूड, हलकी कार्बाइनच पेलते.

घरी नवऱ्याचंही तेच. "अगं, सहा पॉइंट पाच बाय चोपन्न या काडतुसाचं नाव तरी इथे कुणाला माहितीये? विकून टाक."

पाटावर माझा स्टेथोस्कोप, लेकीचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि बोल्ट काढलेली रिकामी कार्बाइन मांडली होती. झेंडू नाही, म्हणून डॅफोडिल. पुण्याहून आलेल्या सासूबाई ओलं कुंकू घेऊन नळीकडे वळल्या. मी त्यांचा हात धरला. "आई, तिथे नको. गंज चढेल."

शेजारी काडतुसाची रिकामी पुंगळी होती. ती उचलून त्यांनी विचारलं, "ही का जपून ठेवलीस?"

"क्लबमधल्या एका आजोबांकडून दारू आणि गोळी घालून ती परत भरायला शिकतेय. म्हणून एकही टाकत नाही."

"मग विकायची कशाला?" असं म्हणून त्यांनी पुंगळीलाच कुंकू लावलं.

कार्बाइन पुन्हा कुलपात गेली आहे. रविवारी आजोबांकडे जाणार आहे, ती कुंकवाची पुंगळी सोडून बाकीच्या घेऊन.

तुमच्या पाटावर आज असं काय होतं, जे सगळे 'काढून टाक' म्हणतात?