बिनएसीची इमारत आणि माझा डबा

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर मधेच ठसका लागेल. शहाणपणा मिरवायला गेलो आणि चाळीस बायांसमोर माझी जी शोभा झाली, ती आता कोणत्या तोंडाने सांगू!

बोरीच्या रस्त्याला आमच्या मालकांनी डाळ मिलची नवी इमारत बांधली. मी तिथला मॅनेजर. पुण्याहून खास आर्किटेक्ट बाई आणल्या. म्हणाल्या, "एसी नको, कूलर नको. छताला झडपा ठेवू. गरम हवा वरून निघून जाईल, खालच्या जाळ्यांतून गार हवा येईल."

वा! हे परभणीच्या मे महिन्याला कुणी कळवलं होतं का? बाई झडपा कशा चालवायच्या ते समजावत होत्या, तेव्हा मी मोबाइल बघत बसलो. नकाशावर चार हिरवी झाडं काढून ऊन हटतं होय?

काम सुरू झालं आणि माझंच खरं ठरलं! सकाळी दहापासून नुसती भट्टी. डाळ निवडणाऱ्या बाया घामाने निथळायच्या. जेवणानंतर तेवढं जरा बरं वाटायचं. मी सगळ्यांना सांगायचो, हा आमच्या बायकोच्या ताकाचा गुण.

शेवटी बायांची मुकादम सुमनबाई भडकल्या. "साहेब, लय उकडायलंय. सोमवारपासून आमी येणार न्हाई."

मालक घाबरले. बाया गेल्या तर मिलला कुलूपच! मी मात्र मनातून खूश. आर्किटेक्ट बाईंना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

"मॅडम, तुमच्या या पर्यावरणावर भाकरी भाजता येईल! पुण्याची फॅडं पुण्यातच ठेवा. मालक, आजच एसी सांगून टाका!"

बाईंनी वर पाहिलं. झडपा बंद. मग भिंतीजवळच्या दोरीवरून त्यांची नजर हळूहळू खाली आली. दोरीच्या कडीला माझा चार कप्प्यांचा डबा लटकत होता, सोबत ताकाची किटली.

"हे काय?"

"डबा! उंदरांसाठी मांजरं पाळलीत ना आम्ही. खाली ठेवला की तोंड घालतात. गवंड्यांची दोरी रिकामीच लोंबत होती, केलं तिचं शिंकं."

"ही गवंड्यांची दोरी नाही. झडपांची आहे. पाऊस आला की ओढायची, झडपा बंद होतात. सोडली की उघडतात. डबा कधी काढता?"

"एक वाजता... जेवायला."

"आणि दिवसभरात जरा बरं कधी वाटतं?"

मी हळूच डब्याकडे पाहिलं. ताकाचा गुण कसला, कपाळ!

बाईंनी डबा काढून माझ्या हातात दिला. वर खडखड खडखड झालं. थोड्या वेळात बायांचे पदर हलायला लागले. मालक माझ्याकडे असे बघत होते की त्या गारव्यात मला एकट्यालाच घाम फुटला.

"मग सोमवारी येता ना?" मी सुमनबाईंना पडेल आवाजात विचारलं.

"येतो की! तुमी फकस्त डबा मांडीवर घेऊन बसा साहेब. मांजराचं आमी बघतो."