ठशावर ठसा

आज सकाळी आत्याने गोठ्यासमोर पाणी ओतून मुद्दाम चिखल केला, मला कळेचना का! दोन कालवडी, त्यातली एकच पुढे दुधासाठी ठेवायची होती. मला काळी हवी होती, बाटलीने दूध पाजून मीच वाढवलेली. शिवाय तिची आई बादली भरून दूध देते!

आत्याने दोघींना चिखलातून चालवलं. "दुधाचं नंतर बघू. आधी ठसे बघ."

तांबडीचा मागचा पाय बरोब्बर पुढच्याच्या ठशात पडत होता. काळीचा मात्र दर वेळी बाहेर.

"ही काळी तिसऱ्या वेताला, तिसरं वासरू झालं की लंगडायला लागेल बघ," आत्या म्हणाली. " तांबडीच्या आजीचं आता नववं वेत, तरी चरायला सगळ्यांच्या पुढे!"

मी आजवर गाय म्हणजे फक्त कासच बघत आले. पण ती भरलेली कास इतकी वर्षं पेलतात ते पायच ना!

तांबडी ठेवायची ठरली. आत्या धार काढायला निघाली, तर चिखलात तिचेही ठसे उमटले. डावा पाय दर वेळी रेषेबाहेर! साठी उलटली तरी सगळ्या धारा तीच काढते.

"काय बघतेस गं?"

"काही नाही. आत्या, काळीलाही ठेवूया ना!"