चार तोंडांची डबी

"तुम्ही किती बिटचं ऐकता?" असं मला ओरोसच्या एका निवृत्त साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, दोन कानांचं ऐकतो. ते हसले नाहीत. मीही हसवायला बोललो नव्हतो.

साहेब नोकरीतून सुटल्यावर गाणी ऐकायला लागले होते. म्हणजे आधी सामान घेतलं आणि मग त्यात घालायला गाणी शोधली. कॉम्प्युटरला लावायच्या त्यांच्याकडे पाच डब्या. या डबीला ते लोक डॅक म्हणतात. कॉम्प्युटरच्या पोटात गाणं नसतं, नुसते आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते ती ही डबी. एवढं मला समजलं आणि एवढंच समजायला लागतं. साहेबांनी त्याला दोन तास घेतले. ही डबी उबदार, ती कोरडी, तिसरीने म्हणे पडदा उठतो. पाचही लावून दाखवल्या. मी डोळे मिटून ऐकलं. मला फरक लागला नाही, आणि माझी खात्री आहे की त्यांनाही लागत नव्हता. डबीवरचं नाव वाचल्यावरच त्यांचा चेहरा उबदार होत होता.

मी त्यांच्याकडे हौसेने गेलो नव्हतो. माझ्या पेट्यांचा प्रश्न होता.

मी चौथी शिकलो. मग चाळीस वर्षं मालवण तालुक्यातल्या जत्रांत, लग्नांत, चर्चच्या फेस्तांत लाऊडस्पीकर लावले. माडावर चढून कर्णे बांधले. पावसाळ्यात काम नसायचं तेव्हा स्पीकरच्या पेट्या करायचो. पेटीत दोन स्पीकर. मोठा जाड आवाज काढतो, बारका, म्हणजे ट्वीटर, पातळ आवाज काढतो. कोणाला काय द्यायचं ते वाटून देणारा एक कॉइल आणि एक कंडेन्सर असा जोड आत असतो, तो क्रॉसओव्हर. कॉइल मी स्वतः पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळायचो, वेढे मोजून. आणि शेवटी ट्वीटरची वायर उलटी लावायची, लालच्या जागी काळी. वस्तादाने तसं शिकवलं होतं. शिकलेली माणसं यायची, हसायची, ती वायर सरळ करून बघायची आणि गुपचूप परत उलटी लावायची. प्रत्येक पेटीच्या पाठीवर आतून मी पेन्सिलीने लिहून ठेवायचो: उलटा.

त्या पेट्या खाऱ्या वाऱ्याने आणि लोकांच्या आळसाने संपल्या. देवगडला एकीत कोंबडी अंडी घालते, मी डोळ्यांनी बघून आलोय. गाणारी एकच जोडी उरली, आमच्या वाडीतल्या मास्तरांकडे. फणसाच्या लाकडाची. तो फणस माझ्या परड्यातला. मी आणि माझ्या थोरल्या भावाने दोन बाजूंना धरून करवतीने तो कापला होता. भाऊ आता नाही.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, जन्मभर चर्चमध्ये व्हायलिन वाजवलेले. अलीकडे त्यांची नजर पार गेली. उजेड आणि सावली एवढंच कळतं. त्यामुळे दिवसभर ऐकणं हाच त्यांचा धंदा. त्यांचा झील, म्हणजे मुलगा, मस्कतला इंजिनियर. गेल्या खेपेला आला तेव्हा त्याने सगळ्या टेपा कॉम्प्युटरमध्ये भरून दिल्या. मग दिवाळीनंतर त्याचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो आणि मास्तर फोन मोठा करून बोलतात.

"पप्पा, पेट्या चांगल्या आहेत, पण क्रॉसओव्हर फार जुना आहे. हल्ली तो कॉम्प्युटरमध्येच करतात. मी नाताळला येताना नवीन स्पीकर आणतो, त्यात सगळं आतच असतं. जुन्या पेट्या कोणाला तरी देऊन टाकू."

"कॉम्प्युटरात करतत तर ह्या पेट्यांक करूक येवचा नाय?" मास्तर म्हणाले.

"येतं हो. पण ते काकांना नाही जमणार."

हे वाक्य तो बोलला नसता तर मी कदाचित पेट्या घरी घेऊन आलो असतो. मी फोनजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "तू चड्डीत होतास तेव्हापासून मी तुमच्या फेस्ताचा आवाज लावतोय. काय जमणार नाही ते मला सांग."

मास्तरांनी निवाडा केला. "नाताळाक जमला तर ह्योच पेट्यो. नाय जमला तर तुझे आण."

माझ्या हाताच्या कॉइली मीच काढल्या. एका टोमण्यासाठी. पेटीच्या पोटातलं आतडं काढल्यासारखं वाटलं, पण काढल्या.

आता साध्या डबीला दोन तोंडं असतात, डावं आणि उजवं. इथे वाटणी कॉम्प्युटरच करणार, म्हणून प्रत्येक स्पीकरला वेगळं तोंड हवं. चार तोंडांची डबी आणि आवाज मोठा करणारी दोन मशीनं. मशीनं माझ्याकडे होती. डबी कशी निवडायची ते विचारायला झिलाने मला ओरोसच्या साहेबांकडे धाडलं होतं. साहेबांच्या पाच डब्यांत चार तोंडांची एकही नव्हती.

मग एसटीने कोल्हापूर. दुकान थंडगार, काचेचं दार, आत अत्तराचा वास. दुकानदाराने डबी लावली आणि एक गोरी बाई गायला लागली. एक गिटार, एक बाई, बाकी शुकशुकाट. ही मंडळी सगळीकडे असलंच गाणं लावतात. ते दुधाच्या कॅनमधूनसुद्धा चांगलं लागेल. मी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हटलं हे लाव.

ते आमच्या फेस्ताचं गाणं. पुष्कळ वर्षांपूर्वी मीच टेप केलेलं. मागे सगळा कॉयर, बाजूला मास्तरांचं व्हायलिन, मध्ये कोणाचं तरी पोर रडतं आणि पुढे एक बाई गाते. तिला मी माझ्या हाताने माईकपासून वीतभर अंतरावर उभी केली होती. हललीस तर बघ, असं दमही दिला होता. त्यामुळे ती कुठे उभी आहे हे मला कोणी शिकवायचं नाही.

दुकानदाराने तोंड वाकडं केलं. "आजोबा, रेकॉर्डिंग जरा खराब आहे."

"ते मी केलंय," मी म्हटलं. मग त्याने बत्तीस बिट सांगितलं, सोन्याचं पाणी दिलेल्या पिना सांगितल्या. मी म्हटलं, मला दागिना नको, डबी दे.

मास्तरांच्या घरी सगळं जोडलं. झिलाने मस्कतला बसून इथल्या कॉम्प्युटरवरचा बाण हलवला. अडीच हजारावर तोडू म्हणाला, म्हणजे त्याखालचा आवाज मोठ्याला, वरचा बारक्याला, आणि चोवीसचा उतार देऊ. चोवीस म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मला ते ठाऊक असल्यासारखा मी "हां" म्हणालो.

"काका, वायरिंग सगळं लाल ते लाल आहे ना?"

"चाळीस वर्षं वायरी जोडतोय मी."

गाणं लावलं. मास्तर खुर्चीत मान तिरकी करून ऐकत राहिले.

"बाय खंय रे गेली?"

"आसा मा. गाता."

"गाता, पण मागीलदारी. न्हाणयेकडे उभी राहान गाता."

ते मलाही ऐकू आलं होतं. पोर रडत होतं ते पुढे, व्हायलिन अर्धंमुर्धं, आणि माझी वीतभरावरची बाई पार घराच्या मागे. मी म्हटलं, डबी नासकी आहे. दुसऱ्या दिवशी परत एसटी, परत घाट. दुकानदाराने बदलून दुसऱ्या कंपनीची दिली. बाई न्हाणीकडेच. तिसरी आणली. न्हाणीकडेच. दुकानदाराला मी चार माणसांदेखत फोन करून सांगितलं की तुझ्या डब्यांत पाणी घातलेलं आहे. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, तीन वेगळ्या कंपन्या. तिन्हींत तीच बाई मागे कशी जाईल?" तिथे माझं डोकं चालायला हवं होतं. मी म्हटलं, तिन्ही चोर एकाच घरचे. तिसरी डबी तेवढी परत दिली नाही, कारण ती परत द्यायला निघालो तर नाताळच उजाडला असता.

झील यायला एक दिवस उरला. मी ठरवलं, या कॉम्प्युटरचा खोटेपणा मास्तरांना दाखवूनच द्यायचा. डाव्या पेटीत माझी कॉइल परत बसवली, उजवी कॉम्प्युटरवर ठेवली. डावी लावली तर बाई वीतभरावर. उजवी लावली तर न्हाणीत.

"बगल्यात मास्तर? कॉइल ती कॉइल."

मास्तर म्हणाले, "वायरी दोनय पेट्यांत सारक्योच?"

"सारक्योच. ट्वीटर उलटो, दोनय."

"उलटो कित्याक?"

"वस्तादान सांगितल्यान म्हणान."

"वस्तादाक कोणी सांगितल्यान?"

"त्येच्या वस्तादान."

"आणि त्येणी कित्याक सांगितल्यान?"

"मास्तर, ही शाळा न्हय."

"शाळा असती तर तू खिडकेतसून पळालो असतस," मास्तर म्हणाले. "इतक्या वर्सांत एकदाय इचारूक नाय तुया?"

मी पकड, स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकले आणि निघालो. कित्याक म्हणे. आमच्या धंद्यात कित्याक विचारणाऱ्याला वस्ताद कानाखाली द्यायचा. मीही पुढे माझ्या हाताखालच्या दोघातिघांना दिली. पुस्तकवाल्यांना पगार असतो, त्यांना कित्याक परवडतं. असं स्वतःशी बोलत घरी आलो आणि पडवीत बसलो. चहा आला तो तसाच गार झाला.

आणि मला तो फणस आठवला. दोघांची करवत असते तिला एकाने ओढायचं, दुसऱ्याने सोडायचं, म्हणजे ती चालते. सुरुवातीला मी घाई करायचो. भाऊ ओढायला लागला की मीही ओढायचो. करवत खाचेत उभी. भाऊ ओरडायचा, "अरे, दोगांनीय वडली तर करवत जातली खंय?"

मोठा स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा बारक्यानेही पुढेच ढकलायला हवं. माझ्या कॉइल-कंडेन्सरच्या जोडाने बारक्याचा हात उलटा होत असणार, म्हणून वस्तादाच्या वस्तादाने वायर उलटी करून तो परत सरळ केला. कॉम्प्युटरच्या वाटणीत हात उलटा होत नसेल तर? तर मीच वायर उलटी लावून दोघांना दोन बाजूंनी ओढायला लावलं होतं. आणि बाईचा आवाज नेमका त्या दोघांच्या सांध्यावर. ती तिथेच अडकून उभी. हे मला कोणत्याही बिटाने सांगितलं नाही. करवतीने सांगितलं.

सकाळी मास्तरांकडे गेलो. ते पेज जेवत होते. मी कॉइल काढली, दोन्ही ट्वीटर लाल ते लाल केले आणि गाणं लावलं.

मास्तरांचा चमचा थांबला. ते माझ्याशी नाही, पेटीशी बोलले. "इलंस गो बाय?"

ती आली होती. वीतभरावर. गाताना मध्ये श्वास घेते तोसुद्धा आला.

"काय केलंस रे?"

"स्क्रू ढिलो होतो," मी म्हटलं.

मास्तर "हं" म्हणाले. वर्गात पाटी न आणलेल्या पोराला म्हणतात तसं.

दुपारच्या गाडीने झील आला. रिक्षातून भलामोठा खोका उतरवला. खांद्यावरची बॅग न काढताच त्याने उभ्याने गाणं ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "काका, ही डबी जबरदस्त निघाली! म्हणजे आधीच्या दोन खराबच होत्या. थांबा, मी आत्ताच नेटवर लिहितो. त्या दुकानाचंही नाव टाकतो. तुमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसाला फसवतात म्हणजे काय?"

त्याचा अंगठा मोबाइलवर चालायला लागला. मास्तरांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांना मी दिसत नाही, पण मी कुठे बसलोय ते त्यांना बरोबर कळतं.

त्या दुकानदाराची गोरी बाई मला आवडत नाही. त्याचं अत्तर आवडत नाही. पण त्याने मला बरोबर प्रश्न विचारला होता आणि दोन वेळा माल बदलून दिला होता.

"लिहू नकोस," मी म्हटलं.

"का?"

"डब्या तिन्ही बऱ्या होत्या. वायर माझी उलटी होती."

त्याने मोबाइल खाली घेतला. "मी फोनवर विचारलं होतं काका."

"विचारलंस. मी उत्तर दिलं नाही, तेही तुला कळलं नाही. एवढा शिकून." मग मी खोक्याकडे बोट केलं. "आता बाई पुढे आहे मा? तो उचल."

खोका उघडलाच नाही. नाताळभर त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

संध्याकाळी पेट्यांच्या पाठी बंद करण्याआधी मास्तर म्हणाले, "आत काय लिवलंस ता खोड आधी."

मी 'उलटा' खोडलं, खाली 'सरळ' लिहिलं. दोन्ही पेट्यांत.

"ळ नीट काडलंस मा? चौथीत तुझो ळ नेमी आडवो पडा."

"तुमका दिसता खंय?" मी म्हटलं आणि स्क्रू आवळले.