ठकुबाईला घरी बसणं जमलं नाही

ठकुबाई शूर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली जो तो तिच्याबद्दल असं बोलतो, जणू बाई तलवार घेऊनच जन्माला आली. कशेळीचा हायवे ओलांडायचा तर ती अजून माझा हात धरते, तोही इतका घट्ट की बांगड्या रुततात. पाल दिसली की घर डोक्यावर घेते. गावकीच्या बैठकीत तर तिने आयुष्यात कधी तोंड उघडलेलं नाही.

तोंड उघडायचं ते लग्नात. भिवंडीच्या आसपासच्या आमच्या आगरी गावांत धवलारीण लागते. हळद असो की मांडव, प्रत्येक विधीची तिची गाणी असतात, धवळे. तिने एक ओळ म्हणायची, जमलेल्या बायकांनी ती मागून उचलायची, मग तिने पुढची सांगायची. चाळीस वर्षं आमच्या गावची धवलारीण ठकुबाईच. अक्षरओळख नाही, पण कुणाच्या लग्नात काय बिघडलं होतं ते सगळं पाठ, आणि नको त्या वेळी सांगायची खोड.

यंदा आमच्या शेजारच्या काळूरामला गावकीने वाळीत टाकलं. गोडाऊनला रस्ता हवा म्हणून गावचं तळं बुजवायचं ठरलं होतं, आणि त्याने त्याविरुद्ध सरकारी कचेरीत अर्ज दिला. झालं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरच्या सुखदुःखाला जायचं नाही. वाळीत टाकणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे मी शाळेत सातवीला शिकवते. घरी आले की काळूरामच्या बायकोकडे न बघता कपडे वाळत घालते. बाई कसली, नंदीबैल नुसती!

त्यात त्याच्या अपूर्वाचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. बैठकीत गावकीचे प्रमुख केसरीनाथभाऊ ठकुबाईला म्हणाले, "आत्या, कालूच्या मांडवान जायचा न्हाय. गेलीस त गावान कोन तुला परत बोलावनार न्हाय."

"बरा," ठकुबाई म्हणाली आणि तिने मानही हलवली. मी तिथेच बसले होते.

हळदीच्या दिवशी भिवंडीहून फखरुद्दीन मांडववाला आला. त्याला कसली आलीय गावकी? त्याने सांगितल्याप्रमाणे दोनशे खुर्च्या मांडल्या, पंखे लावले, आणि एकही माणूस दिसेना तेव्हा काळूरामला म्हणाला, "सेठ, तारीख तो आज की ही है ना?" बाहेरगावचे पाहुणे दुसऱ्या दिवशी लग्नाला येणार होते. हळद गावाची असते.

चार वाजता ठकुबाई आमच्या दारावरून गेली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, मान खाली. हातात हळदीचं तबक.

पुढे एकदा मी तिला विचारलं, "आत्या, बैठकीत तर तू हो म्हणाली होतीस ना?"

"म्हनले ना. आनि पालायचा पन होता. घरान बसून बगितला गो बाय. पानी प्याले, परत बसले. न्हाय जमला."

मला काहीतरी मोठं उत्तर हवं होतं, मुलांना सांगता येईल असं. ते तिच्याकडे नव्हतं. तिची पोरांवर माया आहे म्हणावं, तर ती आम्हा सगळ्यांचीच आहे. अपूर्वा माझ्याच ओट्यावर अभ्यास करून मोठी झाली. पण आम्हाला घरात बसणं जमतं, ठकुबाईला जमलं नाही. त्या दुपारी मला तिचा हेवा वाटला आणि रागही आला.

कारण आमचं आणि काळूरामचं घर भिंतीला भिंत लागून. मी स्वयंपाकघरात होते आणि सगळं ऐकू येत होतं. ठकुबाईने पहिली ओळ घेतली आणि ती थांबली. बायका ओळ उचलतात, तेवढा वेळ थांबायची तिला सवय. कुणीच नव्हतं. अपूर्वाच्या आईला हुंदक्यांनी आवाज फुटत नव्हता. ठकुबाईने तीच ओळ पुन्हा घेतली आणि पुन्हा थांबली.

तेव्हा एक बारीक, बेसूर आवाज आला. अपूर्वाचा. नवरी कधी आपले धवळे आपण म्हणत नाही, तिने नुसतं बसायचं असतं. बँकेत नोकरी करणारी पोर, तिला ते शब्दही धड येत नव्हते. हळद लावून घेत ती आपल्याच हळदीचं गाणं चाचरत म्हणत होती.

मी लाटणं ठेवलं आणि उठले.

"सुमती, बस खाली," आमचे हे दारातून म्हणाले. "आपल्यालाही टाकतील."

ह्यांचं खोटं नव्हतं. पण तिसऱ्या ओळीला अपूर्वा अडखळली, आणि मी पिठाच्या हातांनीच बाहेर पडले.

त्या रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत मी चटईपाशी गेले. ठकुबाईने गाणं थांबवलं नाही, की माझ्याकडे पाहून हसली नाही. चटईवर जरा सरकून तिने जागा केली आणि ओळ संपवली.

मी ती उचलली. माझा आवाज फाटका, सूर भलतीकडे. अपूर्वाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिने तोंड मिटलं. आता तिला गायचं काम उरलं नव्हतं, आणि चार नवऱ्या मुलींसारखी तीही पोटभर रडली.