हळद लागलेला हाफबॅक

फुटबॉलमध्ये माणसाने काहीही व्हावं, हाफबॅक होऊ नये. नातवंडांना मी हे दम देऊन सांगितलं आहे. फॉरवर्डने गोल मारला की त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोलकीपरने गोल खाल्ला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, पण निदान नाव तरी घेतात! आम्ही हाफ मधले. मागून आलेला बॉल अडवायचा, पुढच्याच्या पायात द्यायचा, परत मागे पळायचं, परत अडवायचा. तोंडाला फेस येईस्तोवर धावायचं, आणि मॅच संपल्यावर ओळखीचाच माणूस विचारतो, "काय, आज बसवलं वाटतं तुला?" अशी तिडीक जाते डोक्यात!

पाय मला मिठागराने दिले. आम्ही आगरी, पनवेलच्या खाडीकाठचे, बाप मिठागरावर. वाफे तयार करताना चिखल पायांनी तुडवून कडक करावा लागतो, ते काम मी चालायला लागलो तेव्हापासून केलं. तळवे असे झाले होते की काचेवर पाय पडला तर काचेने ओरडावं. त्या काळी निम्मे लोक अनवाणीच खेळत, त्यामुळे माझं काही अडलं नाही. शेजारच्या आळीत एक बेने इस्रायली मास्तर राहत. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी कशाला हात लावायचे नाहीत, आणि रविवारी फुटबॉल शिकवताना सगळी कसर आमच्यावर काढायचे. त्यांनीच मला हाफ केलं. "तू सगळीकडे पळतोस, मग मध्येच राहा," म्हणाले. पुढे त्यांच्याच ओळखीने मुंबईच्या एका गिरणीच्या टीममध्ये लागलो. नोकरी सूतखात्यात होती म्हणे. सूत मी फक्त माझ्या शर्टात पाहिलं.

गिरणीकडून मी बरा खेळत होतो, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पण मला देशाच्या टीममध्ये जायचं होतं. वेड लागलं होतं म्हणा. निवडीची मॅच व्हायची मुंबईत. साहेब लोक मांडवाखाली खुर्च्या टाकून बसायचे आणि बोटाने दाखवायचे, हा घ्या, तो घ्या. दोनदा खेळलो, दोनदा माझ्यावरून बोट पुढे सरकलं. पहिल्या खेपेला तर मॅच संपल्यावर एका साहेबांनी मला हाक मारली. मी शर्ट खोचत धावलो. साहेब म्हणाले, "जरा सोडा आण रे." अख्खी मॅच त्यांच्यासमोर खेळलो, आणि मी त्यांना मैदानावरचा गडी वाटलो! मी मुकाट्याने सोडा आणून दिला. वर म्हणतात, "थंड नाही."

तिसऱ्या खेपेची निवड ठरली, आणि घ्या, ती नेमकी माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणजे हळद लागल्यानंतरच्या दुपारी. आता आमच्यात हळद लागलेल्या नवरदेवाने गावाची वेस ओलांडायची नाही. बाहेरचं काही लागतं. हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं, आणि ती घेऊन आपल्याच ओटीवर बसून राहायचं. बापाला म्हटलं, लग्न पुढे ढकलू. बाप म्हणाला, "करंज्या बंदराचं पावनं व्हड्यांतून येऊन जेवायला बसलंन. त्यांना काय सांगू, बॉल खेलायला गेलाय?"

शेवटी धवलारणीकडे गेलो. आमच्यात लग्न भटजी लावत नाही. ही म्हातारी बाई धवले गात लग्न लावते, आणि मांडवात तिचा शब्द कलेक्टरच्या वर. मी तिचे पाय धरले. ती पानाला चुना लावत म्हणाली, "कवरी लांब हाय?"

"मुंबई."

"अगो बाय! मंग जा. पन हलद पुसायची नाय, अंगोल करायची नाय, आन लोखंड नवऱ्यापासून लांब जाता कामा नाय. मामाला ने संगती." एवढं बोलून तिने पान तोंडात टाकलं. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही निघालो: मी, मास्तर आणि मामा. आमच्याकडे हळद चिमटीने लावत नाहीत, माणूस सारवून काढतात. मी केसांपासून अंगठ्यापर्यंत पिवळा. कंडक्टर म्हणाला, "नवरदेव, सीटला टेकू नका." ठाण्याला वळसा घालून मुंबईपर्यंत मी उभा. मामा मात्र मांडीवर कट्यार घेऊन ऐसपैस बसला होता, आणि त्याच्या शेजारची जागा कुणीच मागत नव्हतं.

मैदानात उतरलो तर रेफ्री धावत आला. "ये चक्कू बाहर रखो!"

मामा भडकला. "चक्कू? कट्यार हाय! नवरदेवाची हाय!"

मास्तरांनी मध्ये पडून तोड काढली. कट्यार मैदानात येणार नाही. मामा ती घेऊन बाजूच्या रेषेबाहेर उभा राहील. मामा कबूल झाला. पण त्याला फुटबॉल कुठे ठाऊक? त्याला वाटलं, नवरदेव एका जागी उभा राहील. शिटी वाजली आणि मी सुटलो. लोखंड लांब जाता कामा नये! मामाही सुटला. ताडीने पोसलेलं पोट, कमरेला गुंडाळलेला रुमाल सुटतोय, हातात कट्यार, टोकाला लिंबू. मी पुढे, मामा पुढे. मी मागे, मामा मागे. "आरं हल्लू!" म्हणून ओरडतोय. त्या बाजूला समोरच्या टीमचा एक चपळ पोरगा रेषेला धरून बॉल घेऊन यायचा. त्याने समोरून कट्यार परजत येणारा मामा पाहिला आणि बॉल तिथेच टाकून मैदानाच्या मध्ये पळून आला. मध्ये मी होतोच.

हाफटाइमला तेव्हा लिंबाच्या फोडी चोखायला देत. आमचा गोलकीपर आला, मामाच्या कट्यारीवरचं लिंबू काढलं आणि दाताने फोडून चोखलं. मामा पांढराफटक पडला. "मेल्या, नवऱ्याची पीडा खाल्लीस!" गोलकीपरला आधी काही समजलं नाही. समजल्यावर त्याने उरलेला वेळ देवाचं नाव घेत एकही गोल होऊ दिला नाही. नवं लिंबू आणायला मास्तर स्वतः पळाले.

आणि मग ती गंमत झाली, जी माझ्या ध्यानीमनी नव्हती. समोरच्या टीमचे शर्ट पांढरे होते. मी ज्याला अडवायचो, खांद्याला खांदा लावून रोखायचो, ज्याच्या पायातला बॉल काढून घ्यायचो, त्याच्यावर हळद उमटायची. घामाने ती आणखी पसरली. कुणाच्या छातीवर, कुणाच्या पाठीवर, एकाच्या तर टकलावर. शेवटची शिटी झाली तेव्हा त्यांचा गोलकीपर सोडून सगळी टीम पिवळी झाली होती. साहेब लोक खुर्च्यांतून उठून बघत राहिले. हाफ काय करतो, हे त्या मांडवात पहिल्यांदाच कुणाला तरी दिसत होतं. सोडेवाले साहेब बोट लांब करून म्हणाले, "तो पिवळा घ्या."

मी रडलो. सरळ सांगतो, मैदानात बसून भोकाड पसरलं. मामाला वाटलं, बाहेरचं लागलं; त्याने कट्यार माझ्या डोक्यावरून ओवाळली आणि रेफ्री परत पळाला.

घरी आलो तर धवलारीण मला निरखत म्हणाली, "हलद कुठं ठेवलीस रं?" मामा म्हणाला, "मुंबईच्या पोरांना वाटली." नवरीकडे ही बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागायची, आणि यानं ती परक्या बाप्यांना फासली! धवलारणीने मला परत सारवलं आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. त्या पोरांपैकी बऱ्याच जणांची लग्नं वर्षाच्या आत जुळली, असं मास्तर सांगायचे. एकाचं आधीच झालेलं होतं, तो आमच्यावर फार चिडला होता म्हणे.

मग मी बोटीने परदेशी गेलो, पूर्वेकडच्या एका देशात. देशाचा शर्ट अंगावर आला तेव्हा त्याला नाकाशी धरून वास घेतला, एवढा मी खुळा. मॅच आम्ही एका गोलने जिंकलो. त्या गोलाचा बॉल मी अडवून दिलेला, हेही मीच सांगतो. परत आलो तो छाती फुगवून. आता तरी पनवेलमध्ये लोक ओळखतील!

उंबऱ्यातच मामाने गाठलं, आणि इकडे काय घडलं ते सांगितलं. मॅचचं वर्णन रेडिओवर लागणार होतं. आमच्याकडे रेडिओ फक्त मास्तरांचा. त्यांच्या ओटीवर आमचं अख्खं गाव येऊन बसलं. वर्णन इंग्रजीत, कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. सगळे कान देऊन बसले होते ते एवढ्यासाठीच, की माझं नाव कधी येतंय. फॉरवर्डांची नावं आली. गोलकीपरचं आलं. पाय मुरगळून बाहेर गेला त्याचंही आलं. माझं नाही. मॅच संपली आणि मास्तरांनी खटका फिरवून रेडिओ बंद केला. बाप खाली मान घालून बसला होता. दोन दिवस मिठागरावर तो सगळ्यांना बजावत होता, या म्हणून. तेवढ्यात मागून कुणीतरी खवचटपणे म्हणालंच, "पोरगा खरंच गेलाय ना रं? का करंज्याला मासली इकतोय?"

 

तेव्हा बायकांमधून माझी बायको उठली. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. मोठ्यांसमोर तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तिने माझं नाव घेतलं. उखाणा नाही, यमक नाही, सरळ नाव. त्याच्यापुढे बापाचं, म्हणजे सासऱ्याचं, जे सुनेच्या तोंडून मेल्यावरही निघू नये. मग आडनाव. आणि म्हणाली, "मदी हाफला. पयल्यापासून शेवटपर्यंत."

बायकांनी तोंडावर हात ठेवले. माझ्या आईने डोळेच मिटले. आता म्हातारा काठी उचलतो, असं मामाला वाटलं. बापाने मान वर केली. सुनेकडे बघत राहिला.

"आजून येकदा घे," तो म्हणाला. "मोठ्यानं."

तिने घेतलं. मामा सांगतो, असं घेतलं की आतल्या खोलीतून मास्तरांच्या म्हाताऱ्या आई ओरडल्या, "अरे, तो रेडिओ जरा बारीक करा!"