मासळी आजची, तारीख कालची

माझी सून तलासरीकडची. लग्नाआधी समुद्र तिने शाळेच्या सहलीत काय पाहिला असेल तेवढाच. घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. मी नरपडची, डहाणूच्या बंगल्यांना मासळी पोचवण्यात जन्म गेला, आणि माझं तोंड कसं आहे ते सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. आमचं दोघींचं जमेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, मला तर नाहीच.

तिने आम्हा मासळीवाल्या बायकांसाठी वेबसाइट बनवली. पहाटे होड्या लागल्या की जिने तिने आपल्या मासळीचा फोटो टाकायचा, तारीख आपोआप पडणार, आणि गिऱ्हाइकाने घरबसल्या मागवायची. बरेच दिवस ते तिच्या लॅपटॉपवरच चाललं होतं. आम्ही माल विकून येऊन जेवलो की ती आम्हाला ओटीवर बसवून बटणं दाबायला लावायची. मी चार वेळा तेच विचारलं तरी पाचव्यांदा तितक्याच शांतपणे सांगायची. माझ्यात एवढा धीर असता तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

मग एका दुपारी म्हणाली, "आई, आता सर्व्हरवर चढवते. उद्या पहाटेपासून खरी गिऱ्हाइकं." सर्व्हर म्हणजे कुठेतरी लांब रात्रंदिवस चालू असलेलं मशीन, तिथे चढवलं की ते जगाला दिसतं. चढवल्यावर आम्ही पुन्हा तपासलं, तेही दुपारीच. सगळं ठीक होतं.

पहाटे रावस असा आला होता की बघत राहावं. अंधारातच सगळ्यांनी फोटो टाकले. उजाडताना बंगल्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन. "मावशी, तुम्हीसुद्धा कालची मासळी विकायला लागलात?"

आमच्यात बाईच्या टोपलीला शिळी म्हणणं म्हणजे तिच्या घरादाराला शिवी देणं. त्यावरून बाजारात झिंज्या उपटलेल्या मी पाहिल्यात, एकदा तर त्या माझ्याच हातात होत्या. फोन उघडून बघितलं तर खरंच, प्रत्येकीच्या मासळीवर कालची तारीख. बायका माझ्या अंगावर आल्या, मी सुनेच्या. "माझं जन्माचं नाव तू एका सकाळीत घालवलंस," असं मी सगळ्यांदेखत तिला बोलले.

आधी तिने वेबसाइट बंद केली आणि त्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं, मासळी आजचीच आहे, तारीख आमच्या चुकीने कालची पडली. मग बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप घेऊन बसली. थोड्या वेळाने तिला सापडलं. सर्व्हरचं घड्याळ परदेशी वेळेवर चालत होतं. आपल्याकडे पहाट, पण तिथे अजून आदल्या दिवसाची रात्र सरलेली नाही. दुपारी दोन्हीकडे तारीख एकच, म्हणून आम्हाला कधी दिसलंच नाही. काम पहाटेचं आणि तपासणी जेवणं झाल्यावरची, असा सगळा कारभार.

"सापडलं ना, मग कर चालू," बायका म्हणाल्या.

"नाही. आज दुरुस्त करते. उद्या पहाटे अंधारातच मी स्वतः बघेन, मग तुम्ही फोटो टाका."

कितीही आरडाओरडा केला तरी ऐकेना. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आवडलंही. एवढ्या बायकांना तोंडावर नाही म्हणणारी आमच्या किनाऱ्यावर माझ्याशिवाय दुसरी नव्हती.

मग ओढणी कमरेला खोचून तिने माझी दुसरी टोपली उचलली आणि माझ्याबरोबर निघाली. प्रत्येक दारात मी तोंड उघडायच्या आत हीच सांगायची, "चूक माझ्या कामात झाली. आईंची मासळी आजची आहे." डॉक्टरीणबाईंनी रावसाचा कल्ला उचलून आत पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत लालभडक होतं, ताज्या मासळीचं असतं तसं. त्यांनी मासा घेतला, पण माझ्या शब्दावर नाही, कल्ला बघून. सून मात्र म्हणाली, "बघून घेतलंत ते बरं केलंत." तिची टोपली माझ्याकडे घ्यावी असं रस्ताभर वाटत होतं, पण बोलवेना.

दुसऱ्या पहाटे ती माझ्याआधी किनाऱ्यावर. अंधारात एकटीने बघितलं, पुन्हा बघितलं, मग आम्हाला हात केला. मी फोटो टाकला. तारीख आजची. बायका मान वाकवून वाकवून बघत होत्या.

पहिली मागणी डॉक्टरीणबाईंची आली. रावसच हवा होता, आणि खाली लिहिलं होतं, साफ करून, तुकड्या करून पाठवा.

"आई, कापत बसलात तर उशीर होईल," सून म्हणाली. "नाही म्हणून कळवू का?"

मी विळी पुढे ओढली. तिला म्हटलं, "खुळे, तुकड्यांना कल्ला असतो का उचलून बघायला? ती बाई तुझ्या तारखेवर मासळी घेतेय."