पिंजऱ्याखालचा कागद

आमच्या बाई, म्हणजे माझी थोरली नणंद, सकाळी देवाच्या आधी विष्ठेचं दर्शन घ्यायच्या. हे वाचून तुम्ही नाक मुरडलं असेल तर बरंच झालं, मी ते रोज चहाच्या वेळी मुरडत होते. आंघोळ झाली, केसांचा सुपारीएवढा अंबाडा झाला की बाई पिंजऱ्याच्या तळाचा वर्तमानपत्राचा कागद हळूच ओढून काढायच्या, खिडकीशी नेऊन चष्म्याच्या काठावरून न्याहाळायच्या आणि तसाच घेऊन स्वयंपाकघरात यायच्या. मी चहा गाळत असायची. "पाह्य वं सुमन," म्हणत कागद थेट गाळणीपर्यंत. "काळी-हिरवी गुंडाळी, मधात पांढरा ठिपका. तब्येत टंच." पाखराची टंच, माझी तिथेच बिघडायची.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मोहगावच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर भावाकडे, म्हणजे आमच्याकडे सौंसरला राहायला आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की मागच्या खोलीतून बोलल्या तरी पुढच्या बाकावरचं कोणी दचकावं. त्यांचं एक वचन होतं, आणि ते त्या पाहुण्यांसमोरही ऐकवत: "तोंड खोटं बोलते वं, मागचं खरं बोलते."

पाखरू मात्र त्यांचं नव्हतं, माझं होतं. लव्हबर्ड म्हणून विकतात ना, त्यातलं निळं. दुकानदार म्हणत होता, जोडी न्या. पण माझ्या नव्या पडद्यांत निळा रंग होता, हिरवा नव्हता, म्हणून मी एकटंच आणलं. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे आजच्या मानानं पोरगीच, आणि अक्कलही तेवढीच. नीलम हे नाव ठेवलं, आल्या-गेल्याला दाखवलं आणि पिंजऱ्याची बाकी सगळी घाण बाईंकडे सोपवली.

घाण तरी किती. डाळीत फोलपटं, सायीवर पिसं. बाई काडीपेटीतल्या काडीनं ती विष्ठा उकलून पाहायच्या आणि काडी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्यायच्या, पुन्हा लागेल म्हणून. त्यातल्या एका काडीनं आमच्या ह्यांनी एकदा कान कोरला. मी पाहिलं. आजतागायत सांगितलेलं नाही.

"हे काय सोनं आहे का बाई, रोज पारखायला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"पाखरू दुखणं लपवते," त्या म्हणाल्या. "झाडावर एखादं मलूल दिसलं का शिकरा त्यालेच उचलून नेते. म्हणून ते मरेपर्यंत चांगलं असल्याचं सोंग घेते. तोंडाकडं पाहून तुले काय समजणार? हे पाहावं लागते." आणि कागद पुन्हा माझ्या नाकाशी.

त्या वर्षी संक्रांतीनंतर थंडी काही हटेना. माझं हळदीकुंकू ठरलेलं होतं. दोन दिवस आधीच मी पिंजरा मागच्या खोलीतून बैठकीत आणला, खिडकीत, पडद्यांशी जुळेल असा. तळाचा कागद काढून टाकला आणि क्रोशाचा पांढरा रुमाल घातला. जे पडेल ते पडल्या पडल्या पुसत होते, ओढणीवरचा डाग पुसावा तसं, न पाहता. बाईंनी सकाळी विचारलं, "कागद कुठं आहे वं?" मी म्हटलं, "टाकला. चार बायका येणार, त्यांना काय ते दाखवायचं?" हळदीकुंकवाच्या दिवशी त्या बैठकीत येणार नव्हत्याच. विधवेनं तिथे यायचं नाही, हा नियम आमच्याकडे कोणी सांगत नाही. सगळ्यांना तो पाठ असतो. बाई दुपारपासून आत पेपर घेऊन बसल्या.

बायका आल्या. तिळगूळ झाला, वाण झालं. पिंजऱ्यापाशी घोळका. "अगं, किती गुबगुबीत," "कसं शहाण्यासारखं डोळे मिटून बसलंय," असं चाललं होतं. पाखरू आजारानं फुगलं होतं आणि मी कौतुकानं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "सुमन, नीलम काहून गप आहे?"

"लाजली असेल," मी म्हटलं. बायका हसल्या.

"मिक्सर लावला तरी त्याच्या वरताण बोलते ते. इतक्या बाया बोलून रायल्या, तं गप कसं?"

मी उत्तर द्यायच्या आत बाई उंबरठ्यात. समोरच्या घरच्या मंदाताईंनी कुंकवाच्या करंड्यावर पदर ओढला. मला काय वाटलं सांगू? जमीन दुभंगावी असं वाटलं; पाखरासाठी नव्हे, मंदाताईंच्या त्या पदरासाठी. अशी मी.

बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. पिंजऱ्याशी वाकल्या. "दोन्ही पायांवर बसलं आहे. चांगलं पाखरू झोपते तं एक पाय पोटात घेते. शेपटी पाह्य, हरेक श्वासाले खालीवर होऊन रायली." मग दाण्यांची वाटी काढली आणि फुंकर मारली. फोलपटं तिळगुळाच्या ताटात. वाटीच्या तळाशी एकही दाणा नव्हता.

"भरली दिसली म्हणून दाने नाई टाकले ना तू?"

मी मान खाली घातली. शेवटी बाईंनी पिंजऱ्यात हात घालून पाखरू अलगद बाहेर घेतलं आणि सगळ्यांसमोर शेपटी वर केली. खालची पिसं हिरव्या चिखलानं माखून चिकटली होती. वासही आला. कोणीतरी तोंडावर रुमाल धरला, कोणी हातातला लाडू परत ताटात ठेवला.

"आज तरी, बाई," मंदाताई म्हणाल्या. "सवाष्णींचं कार्य आहे."

"चालू द्या ना तुमचं कार्य. मी तुमच्याले नाई आली मंदा, पाखराले आली."

मग सल्ले सुरू झाले. ब्रँडीचा थेंब द्या. ओव्याची धुरी द्या. नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळून टाका. बाई म्हणाल्या, "धुरानं बैल खोकलते माय, हे तं मुठीएवढंही नाई." तेव्हा मंदाताई, तोंडातला तिळगूळ चघळत, "मेलं तर दुसरं आणा. बाजारात ढिगानं मिळतात," म्हणाल्या. त्यांच्या ओठाला तीळ चिकटला होता. मला त्या तिळाची जी शिसारी आली ती पाखराच्या मागच्या बाजूचीही आली नव्हती. मी आरती-बिरती गुंडाळून बायकांना वाटेला लावलं.

बाईंनी एका खोक्यात मऊ फडकं आणि त्यावर वर्तमानपत्राचा कागद घातला आणि एका कडेला जुना पिवळा बल्ब लावला. "सगळीकून नको तापवू. एका बाजूनं ऊब, एका बाजूनं मोकळं. त्याले नको वाटलं तं सरकता आलं पाह्यजे." वरून अर्धं झाकलं. गावच्या गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सरळ सांगितलं, मी म्हशी-बैलांचा, पाखराला नागपूरला न्या.

सकाळी पहिली बस धरली. कंडक्टरनं विचारलं, "अम्मा, डिब्बे में क्या है?" बाई म्हणाल्या, "पेशंट. खिडकी बंद कर." सौंसर मागे पडल्यावर त्या एकदम बोलल्या, खोक्याकडे पाहत. "मोहगावले माह्याजवळ असंच एक होतं. असंच फुगून बसलं. मी त्याले बोटानं दूध पाजलं, लेकरू समजून. पाखराले दूध पचत नाई, हे मले ते मेल्यावर समजलं." मग त्यांनी खोकं मांडीवर जवळ ओढलं. "हे नाई जाऊ द्यायचं," एवढंच पुन्हा म्हणाल्या. रोजच्या त्या कागदामागे काय होतं ते मला त्या बसमध्ये कळलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, बल्ब चालू ठेवा म्हणाले, आणि मागची जागा कोमट पाण्यानं मोकळी करा, नाहीतर आतलं बाहेर येणार नाही. घरी आल्यावर बाईंनी वाटीत पाणी केलं, कापूस घेतला, आणि पाखरू माझ्यापुढे धरलं.

"माह्ये हात थरथरतात. छाती दाबल्या जाईल. तू घे."

"मी?"

"मंदाले बोलावू काय?"

मी घेतलं. मान दोन बोटांत, अंग तळव्यात सैल. "छाती दाबू नको. छाती हलली तरच त्याचा श्वास चालते." मी कापूस लावला. वाळलेलं ते भिजून हळूहळू सुटायला लागलं, आणि सुटताना जे बोटांवर आलं त्याचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही कदाचित जेवून वाचत असाल. कातडी लाल झालेली, पिसांचे चिकट पुंजके, आणि ते चिमुकलं ऊन धडधडणारं काळीज. मी पाखरू बाईंच्या ओंजळीत दिलं, मोरीत धावले आणि दुपारचं सगळं ओकले.

बाहेरून बाई म्हणाल्या, "झालं? ये आता. अर्धं रायलं."

"मला नाही होत बाई. किळस येते."

"येऊ दे. किळस येणं काही पाप नाई. हात थांबला नाई म्हणजे झालं."

अर्धं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुन्हा ओकले. थेंब चोचीच्या कडेनं, एकेक, ठसका लागू नये म्हणून थांबत. बाई खोक्याशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. खोक्यातल्या कागदावर नुसतं हिरवं पाणी पडत होतं, आणि तो कागद आता मी काढत होते.

मग एका सकाळी थेंब द्यायला नीलमला हातात घेतलं, तर तिनं माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि तळव्यावर काहीतरी गरम पडलं. मी पाहिलं. काळी-हिरवी गुंडाळी. मधे पांढरा ठिपका. मी पाखरू खोक्यात ठेवलं आणि तळवा तसाच पसरून, दिवा न्यावा तशी, स्वयंपाकघरात धावले. बाई पाटावर बसून चहात बिस्कीट बुडवत होत्या. मी हात त्यांच्या बशीवर धरला.

"बाई, पाहा. पाहा ना."

बाईंनी पाहिलं. चष्मा वर करून नीट पाहिलं. डोळे भरले त्यांचे. तसे ते भरलेले मला दिसू नयेत म्हणून त्यांनी बिस्कीट तोंडात कोंबलं.

"बाजूले घे वं तो हात," त्या म्हणाल्या. "चहा पिऊन रायली ना मी. घाणेरडी कुठली."